चौथा उद्गार

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाळकसाहेबांचा फोन आला. "ताई, उत्तम शुक्रवारी चौथा उद्गार तुमच्याकडे."

आमच्याकडे उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना दुपारी बारा ते तीन चालते. क्रुसावरून येशूने काढलेले सात उद्गार सात जणांना वाटून दिलेले असतात. प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं, मध्ये गीत, मध्ये प्रार्थना. बाहेर ऊन रणरणत असतं, आत लहान मुलं आईच्या मांडीवर झोपलेली असतात. पहिला उद्गार क्षमेचा, तो सगळ्यांना हवा असतो. दुसऱ्यात चोराला सुखलोकाचं वचन आहे, त्यावर कुणीही मनापासून बोलू शकतं. सहाव्यात 'पूर्ण झालं आहे' हा विजय आहे. चौथा मात्र मागून कुणी घेत नाही.

"माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. चौथ्या उद्गारावर बोलणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांतच त्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. जगाचं पाप पुत्रावर होतं म्हणून पित्याने तोंड फिरवलं, असं सांगतो आणि उरलेला वेळ पापावर बोलतो. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, लहानपणापासून मीही तेच शिकले. पण येशूने तिथे प्रश्न विचारला होता. बायबल लिहिणाऱ्यांनी तो प्रश्न म्हणूनच ठेवला. मार्काच्या शुभवर्तमानात तर क्रुसावरचं दुसरं एकही वाक्य नाही, फक्त हे आहे. आणि ते त्याच्या घरच्या, अरामी भाषेत जपलेलं आहे : "एलोई, एलोई, लमा सबखथनी?" इतकं दुखत असताना माणूस आईच्याच भाषेत बोलतो.

मी पाळकसाहेबांना हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर आईकडे बघितलं. ती शेंगा सोलत बसली होती. तिला तेव्हा काही बोलले नाही. कारण हा प्रश्न आमच्या घरात १९९३ साली आला होता आणि तिच्याच पावलांनी आला होता.

आई मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी लोक गणपती विसर्जन करून रात्री उशिरा घरी येऊन झोपले होते. त्या भागातली घरं दगड-मातीची, भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात तेच माळवद गारवा द्यायचं. त्या पहाटे ते झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काही जण हा आकडा दहा हजारांपर्यंत सांगतात. बावन्न गावं नंतर नव्या जागी वसवावी लागली.

आई दोन-तीन दिवसांनी एका वैद्यकीय पथकाबरोबर गेली आणि तीन आठवडे तंबूत राहिली. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. परत आल्यावर तिने आम्हाला फारसं काही सांगितलं नाही. पाऊस होता, सरणाला लाकूड पुरत नव्हतं, एवढं बोलली. एकच गोष्ट तिने सविस्तर सांगितली, तीही बऱ्याच महिन्यांनी. एक म्हातारी तंबूत आणली होती. हात मोडलेला. घरातली सहा माणसं गेलेली, त्यात तीन नातवंडं. तिच्या केसांत माळवदाची माती गच्च बसली होती. प्लास्टर घालून झाल्यावर आई गरम पाणी आणि फणी घेऊन तिच्यामागे बसली आणि केस धुऊ लागली. तासभर माती निघत होती. म्हातारी म्हणाली, "सिस्टर, सांजच्याला देव बोळवून आलो वं आम्ही. पोरं नाचून नाचून दमली व्हती. आमचं काय चुकलं व्हतं?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं होतं.

"काही नाही. वेणी घातली."

त्या दिवाळीच्या आसपास आमच्या मंडळीत एक पाहुणे वक्ते आले. त्यांनी सांगितलं की हा भूकंप म्हणजे न्याय होता. मूर्ती बुडवल्या त्याच रात्री देवाने हात उगारला, यात आपण खूण ओळखावी. मला आजही ती सकाळ आठवते, कारण आई उठली. तिने पर्स घेतली, साडीचा पदर नीट केला आणि सगळ्यांच्या समोरून चालत बाहेर गेली. चर्चच्या बाहेरच्या चिंचेखाली उपासना संपेपर्यंत उभी राहिली.

त्यानंतर कित्येक महिने ती चर्चला येत होती, पण आमच्या नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसत नव्हती. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची आणि गात नव्हती. जिच्या आवाजाने आख्खा उजवा भाग सुरात राहायचा, ती गीतपुस्तक मिटून मांडीवर ठेवायची.

त्या पाहुण्यांचा मला अजून राग येतो. वय वाढलं तसा तो कमी होईल असं वाटलं होतं, झाला नाही. कारण ज्या पुस्तकावर हात ठेवून ते बोलत होते त्याच पुस्तकाने त्यांना खोटं ठरवलं आहे. शिलोहातला बुरूज अठरा जणांवर कोसळला, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं काय, असं येशूने विचारलं आणि स्वतःच 'नाही' म्हटलं. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारलं, पाप याचं की याच्या आईबापांचं? तिथेही त्याने दोन्ही नाकारलं. आणि खरं म्हणजे लिस्बनच्या लोकांना विचारायला हवं. तिथे भूकंप झाला तो १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी. चर्चं भरलेली होती, वेद्यांवर मेणबत्त्या लागल्या होत्या. छतं उपासना करणाऱ्यांवरच आली, मेणबत्त्यांनी आगी पसरल्या, आणि जे पळून नदीकाठी गेले त्यांना समुद्राच्या लाटांनी ओढून नेलं. त्या पाहुण्यांच्या हिशेबाने ती कुणाच्या विरुद्धची खूण?

आईचं जुनं बायबल आता माझ्याकडे आहे. ईयोब म्हणजे सगळं गमावलेला एक नीतिमान माणूस, त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात एका ओवीशेजारी पेन्सिलीने तारीख आहे : ३०-९-९३. ओवी अशी की रानाकडून प्रचंड वारा आला, त्याने घराच्या चारही कोपऱ्यांना धक्का दिला आणि ते तरुण माणसांवर पडून ती मेली. ईयोबाची दहाही मुलं अशी गेली, घर अंगावर पडून. मी हे पुस्तक शब्बाथ शाळेत कितीदा शिकले, पण फोडांनी भरलेला ईयोब, राखेत बसलेला ईयोब, एवढंच लक्षात राहिलं होतं. ते घर आईने पाहिलं.

आणि त्याचे मित्र. अलीफज, बिल्दद, सोफर. ते सांत्वनाला आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिथवर ते थोर मित्र होते. मग तोंड उघडलं. बिल्ददाने तर मुलं गमावलेल्या बापाला सांगितलं की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवाने त्यांना त्याची फळं दिली. हे मित्र नास्तिक नव्हते. देवाची बाजू घेऊनच बोलत होते, आणि त्यांची बरीच वाक्यं आपण आपल्या मयताच्या भक्तीत आजही ऐकतो. दुसरीकडे ईयोब मात्र ओरडत होता, जन्माच्या दिवसाला शाप देत होता, देवाला कोर्टात खेचायची भाषा करत होता. शेवटी देव बोलतो तेव्हा अलीफजाला म्हणतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब बोलला तसं माझ्याविषयी तुम्ही योग्य बोलला नाहीत.

मला वाटतं, दुःखाविषयी बायबलमध्ये याहून धक्कादायक वाक्य दुसरं नसेल. देवाचा बचाव करणारे चुकले. देवावर ओरडणारा बरोबर बोलला.

ईयोबाला त्याच्या 'का'चं उत्तर मिळत नाही, हेही तितकंच खरं. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असं देव वादळातून विचारतो, आणि दुःखाबद्दल चकार शब्द काढत नाही. शेवटी मेंढरं, उंट, बैल दुप्पट होतात. मुलं मात्र पुन्हा दहाच. गेलेल्या दहांची भरपाई कुणी कशाने करत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही तसं भासवायचं नसावं.

ख्रिस्ती विचारवंतांनी या प्रश्नावर शतकानुशतकं डोकं घातलं आहे, त्याची मला कदर आहे. ऑगस्तीन म्हणाला की वाईट ही देवाने घडवलेली वस्तूच नाही, चांगल्याचा क्षय म्हणजे वाईट, आणि तो क्षय निवड करणाऱ्या इच्छेतून सुरू झाला. प्रेम करायला मोकळी असलेली माणसं हवी असतील तर ती छळायलाही मोकळी असणार. या म्हणण्यात दम आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचंच घ्या. पाऊस पडला नाही हे खरं, पण हिंदुस्थानातून गहू इंग्लंडला जातच होता. मद्रास इलाख्यात दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर चिमूटभर पैसे, हे ठरवलं ब्रिटिश सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. हे सारं निवडलेलं होतं, कागदावर सही करून. आणि मला हे लिहिताना त्रास होतो तरी लिहायलाच हवं : ती सही करणारी माणसं रविवारी चर्चला जाणारी होती.

पण किल्लारीला कुणी काय निवडलं? थोडंफार सापडतं. आदल्या वर्षीच त्या भागात धक्के बसले होते, लोक भ्यायले होते. तसल्या भिंती गरिबीने बांधल्या. तरी जमीन हलली ती कुणाच्या पापाने हलली नाही. भारताचा सगळा तुकडा वर्षाला पाचेक सेंटिमीटर उत्तरेला सरकतो आहे आणि त्याचा ताण खडकांत साठतो. त्याच रेट्याने हिमालय उभा केला, आणि हिमालय आहे म्हणून आपला पावसाळा असा आहे. ज्या काळ्या पाषाणाखाली ती भेग होती त्याच पाषाणाची काळी माती होऊन तिथे ज्वारी-तूर पिकते. नियमाने चालणारं जग हवं, तर त्या नियमांत भूकंपही बसतो, असं काही जण सांगतात. मी शाळेत भूगोल शिकवते, मला हे पटतं. मात्र हे वाक्य घेऊन त्या म्हातारीच्या तंबूत मी जाऊ शकणार नाही.

मी स्वतः एकदा बिल्दद झाले आहे. शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेचा नऊ वर्षांचा मुलगा तापाने पाच दिवसांत गेला. दहा-बारा दिवसांनी मी तिच्याकडे गेले. ती चहा करत होती. शांतता मला सोसवेना म्हणून मी म्हणाले, "देवाची काहीतरी योजना असेल." तिने माझ्याकडे पाहिलं आणि चहा गाळायला घेतला. आम्ही पुढे आणखी अकरा वर्षं एकाच शाळेत होतो. त्या मुलाचं नाव तिने माझ्यासमोर पुन्हा कधी काढलं नाही.

यावर विचार करताना मला योसेफ आठवतो. भावांनी त्याला विकलं, तो तुरुंगात सडला, नंतर मिसरात मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात त्याच भावांना त्याने धान्य दिलं. शेवटी तो म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं होतं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं. केवढं वाक्य! पण ते योसेफ म्हणतो. तेच वाक्य भाऊ म्हणाले असते तर? 'आम्ही तुला खड्ड्यात टाकलं खरं, पण देवाची योजना होती रे.' शब्द तेच, आणि तोंड बदललं की निंदा होते. दुःखातल्या देवाच्या हाताविषयी बोलायचा हक्क ज्याने ते भोगलं त्याचा आहे, आणि तोही त्याला वाटेल तेव्हा, वाटलं तर.

म्हणूनच पंडिता रमाबाईंचं बोलणं मला ऐकवतं. मी केडगावला, त्यांनी मुली-विधवांसाठी उभारलेल्या मुक्ती सदनात, दोनदा जाऊन आले. (आमच्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड-पुणे लोहमार्गावरचं.) रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला, आणि कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत राहिलं. दुष्काळात होतं नव्हतं ते संपलं. रानातला पाला खाऊन दिवस काढले. १८७४ साली आधी वडील गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. आईला न्यायला खांदेकरी मिळेनात. कशीबशी दोन माणसं मिळाली, उरलेले दोन म्हणजे रमा आणि तिचा भाऊ. रमा ठेंगणी, खांदा पोचेना, म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. सोळा वर्षांची मुलगी. १८८० मध्ये भाऊही गेला. लग्न झालं, दीड-दोन वर्षांत नवरा पटकीने गेला, कडेवर लहानगी मनोरमा.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती झाल्यावर दुःख थांबलं, असं काही घडलं नाही. पण १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा रमाबाई निघाल्या. स्वतः भुकेचा जबडा पाहिलेली बाई पुन्हा त्याच जबड्याकडे चालत गेली, आणि रस्त्यांवरून, दुष्काळी छावण्यांतून मुली आणि विधवा गोळा करून आणल्या, काहीशे. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, छपरं घातली. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर १९०० च्या सुमारास मुक्ती सदनात दोन हजारांच्या जवळपास माणसं होती. तिथल्या त्या मोठ्या उपासना मंदिरात उभी राहिले तेव्हा माझ्या मनात आलं की यातल्या कितीतरी पोरींच्या केसांतही माती असेल, आणि कुणीतरी मागे बसून ती काढली असेल.

रमाबाईंनी मागे वळून पाहताना आपल्या आयुष्यात देवाचा हात पाहिला. तसं त्यांनी लिहिलं. डोक्यावर आईचं प्रेत वाहिलेल्या माणसाला ते म्हणता येतं. त्यांच्या वतीने मला ते म्हणता येणार नाही. आणि त्यांचाही हिशेब काही सुखाने मिटला नाही. ऐकू येईनासं झालं होतं, आणि जिच्या हाती सगळं सोपवायचं ती मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या, बायाबापड्यांना कळावं म्हणून. लेक गेली तरी त्या ते करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले. त्या शेवटच्या महिन्यांत, बहिरेपणाच्या त्या शांततेत, त्या देवाशी काय बोलत असतील ते कुठे लिहिलेलं नाही.

मग माझ्या वाट्याला आलेल्या उद्गाराकडे परत येते. 'माझ्या देवा, माझ्या देवा' ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. येशूच्या आधी कित्येक शतकं कुणीतरी हे रडलं होतं, आणि लोकांनी ते रडणं उपासनेच्या गीतांत घातलं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही. देवाने आपल्याच पुस्तकात आपल्याविरुद्धच्या तक्रारी ठेवून घेतल्या.

आणि मग तो स्वतः तिथे येऊन उभा राहिला, तक्रार करणाऱ्यांच्या रांगेत. मी ख्रिस्ती आहे ती याच्यावर. दुःख का, याचं उत्तर माझ्यापाशी आहे म्हणून नव्हे. ज्या देवाला आपण 'का' विचारतो, तो एका शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी माणसाच्या फुटक्या घशाने तेच विचारत होता, आणि त्याही वेळी आभाळातून उत्तर आलं नाही. मेलेल्या लाजराच्या बहिणींनी, 'प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता,' असं तोंडावर सुनावलं तेव्हा त्याने त्यांना गप्प केलं नाही. पाचच मिनिटांत त्याला उठवायचा होता, तरी तो रडला. पुनरुत्थान मी मानते, अगदी अक्षरशः मानते. थडगं रिकामं होतं आणि एक दिवस किल्लारीचीही थडगी आणि राख आपली माणसं परत देतील, देव सगळ्यांच्या डोळ्यांचे अश्रू पुसेल, यावर माझं सगळं टेकलेलं आहे. पण उठलेल्या त्या देहावरही खिळ्यांचे वण होते. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याने बोट घालून पाहावं इतके उघडे. देवाने ते पुसून टाकले नाहीत.

मार्चमध्ये एके रात्री मी शेवटी आईला विचारलं, "तू तेव्हा गात नव्हतीस. मग येत कशाला होतीस?"

तिला हल्ली नीट ऐकू येत नाही, दोनदा विचारावं लागलं.

"भांडायला," ती म्हणाली. "दुसरीकडे कुठे जाणार होते?"

पुन्हा कधीपासून गायला लागली ते तिला आठवत नाही. मला आठवतं. १९९४ चा उत्तम शुक्रवार. चौथ्या उद्गाराचं वाचन झालं आणि बोलणाऱ्याने बोलायला सुरुवात करण्याआधी जो एक क्षण असतो, त्यात मागच्या बाकावरून तिचा आवाज आला. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हलक्या आवाजात, स्वतःशीच. मी पुढे बसले होते, वळून पाहायचं धाडस झालं नाही. त्यानंतरच्या गीताला ती गायली.

मी काय बोलायचं असं विचारल्यावर तिने फार विचारही केला नाही. "थोडं बोल. वाक्य सावकाश वाच आणि जरा थांब. घाई केलीस तर लोकांना एलीया ऐकू येईल." क्रुसाजवळच्या लोकांना 'एलोई'च्या जागी तसंच, जुन्या काळच्या एलीया संदेष्ट्याचं नाव, ऐकू आलं होतं. हा एलीयाला हाक मारतो आहे, असं म्हणाले होते.

काल संध्याकाळी आम्ही दोघी चर्चमध्ये जाऊन आलो. शिपाईमामांनी दार उघडून दिलं. मी पुढे गेले, आई काठी टेकत टेकत दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिसऱ्या बाकाकडे तिने पाहिलंही नाही. "इथं बसणाऱ्याला ऐकू गेलं पाहिजे," म्हणाली.

मी वाचलं. थांबले. तिने कानामागे हात धरला आणि दुसऱ्या हाताने खूण केली, अजून मोठ्याने.